बीडीएसला नंबर लागला नाही? पुढचं वर्ष असं आखा

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, प्रवेशाची शेवटच्या फेरीची यादी लागते, त्यात नाव नसतं आणि घरात फोन सुरू होतात. मामा म्हणतो, लातूरला क्लासला टाका. शेजारच्या काकूंच्या ओळखीत कुणीतरी ‘पैसे भरून’ केलेलं असतं. बाबा गप्प असतात. मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे अशी घरं दरवर्षी बघते. पुढचं सगळं या चक्रात पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची, की नाही, हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवायला घेऊ नका. तो सर्वांत शेवटी घ्या. आधी नेमकं कुठे अडलं ते शोधा. चार घरांत निकाल सारखाच असला तरी अडचण चार तऱ्हेची असते आणि एका घराचा उपाय दुसऱ्या घराला लागू पडत नाही.

नेमकं कुठे अडलं?

पहिला प्रकार: नीट या प्रवेश परीक्षेत पात्रताच नाही. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल (टक्के नव्हे, निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणं), एससी, एसटी, ओबीसीला ४० पर्सेंटाइल लागतं. ते नसेल तर सरकारी, खासगी, अभिमत (डीम्ड), मॅनेजमेंट, एनआरआय यांपैकी कुठल्याही वाटेनं बीडीएस होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बीडीएससाठीचं पर्सेंटाइल त्या वर्षापुरतं १० नं खाली आलं होतं, कारण जागा रिकाम्या पडल्या होत्या. असं पुन्हा झालं तर बातमी येईलच. तिची वाट बघत बसणं ही मात्र योजना नव्हे.

दुसरा प्रकार: पात्र आहात, पण राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, म्हणजे एसएमएल, मागे पडला. बहुतेक मुलं इथेच असतात.

तिसरा प्रकार सगळ्यांत चुटपुट लावणारा. क्रमांक पुरेसा होता, पण कागद कमी पडला. जात वैधता आली नाही, नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपली, म्हणून उमेदवार खुल्या प्रवर्गात गेला. किंवा प्राधान्यक्रमात घराजवळची चारच कॉलेजं भरली आणि पाचवं, जे मिळालं असतं, ते यादीतच नव्हतं.

चौथा प्रकार: जागा मिळाली होती, फी झेपली नाही म्हणून सोडली. याला घरातले लोक ‘नंबर नाही लागला’ असंच सांगतात. बाहेर तसं सांगायला हरकत नाही, पण स्वतःच्या वहीत खरं लिहा.

गुणांची तुलना मोठ्या ताईच्या वर्षाशी करू नका. नीटमध्ये खुल्या प्रवर्गाच्या पात्रतेचा आकडा २०२४ मध्ये ७२० पैकी १६२ होता, तर २०२५ मध्ये १४४. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण उतरतात. गेल्या वर्षी शेवटची जागा कितव्या एसएमएलवर गेली ते राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या याद्यांमध्ये दिसतं. फेरीनिहाय याद्या पीडीएफ स्वरूपात असतात. तुमचा प्रवर्ग निवडून शेवटचे क्रमांक काढा. तासाभराचं काम आहे, आणि त्यासाठी कुणा काउन्सेलरला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

प्रक्रिया खरंच संपली आहे का?

हे आधी तपासा, कारण अनेकांनी फक्त एकाच ठिकाणी अर्ज केलेला असतो. नवी मुंबईत दंत महाविद्यालयं भरपूर आहेत, पण सगळी एकाच खिडकीवर मिळत नाहीत. नेरुळचं तेरणा आणि खारघरचं वाय. एम. टी. ही आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत. त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून होतात. नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम आणि बेलापूरचं भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं आहेत. तिथल्या जागा दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय प्रवेश समितीकडून भरल्या जातात. त्यासाठी नोंदणी वेगळी करावी लागते: ५,००० रुपये परत न मिळणारे आणि २ लाख रुपये अनामत. सरकारी फीमध्ये शिकायचं तर जवळची ठिकाणं म्हणजे सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर. तिथे क्रमांक अर्थातच बराच वरचा लागतो. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, आणि ‘घर सोडायचं नाही’ या हट्टापायी अनेक मुलं ती यादीत घालतच नाहीत.

ठरलेल्या फेऱ्या संपल्या तरी उरलेल्या जागांची स्ट्रे फेरी आणि संस्थास्तरावरची फेरी उरलेली असू शकते. सूचना दोन-दोन दिवसांच्या मुदतीनं निघतात. त्यामुळे सीईटी सेलची आणि एमसीसीची साइट रोज सकाळ-संध्याकाळ उघडायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या तारखेवर विसंबायचं नाही. एक सावधगिरी मात्र हवी. एमसीसीच्या स्ट्रे फेरीत जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर अनामत जाते आणि पुढच्या नीटला बसण्यावरही गदा येऊ शकते. म्हणून ‘बघू या तर खरं’ म्हणून अर्ज भरू नका. त्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचा, घरात फीचा आकडा मोठ्यानं बोला आणि मगच पर्याय लॉक करा.

फीबद्दल एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती त्यांच्या साइटवर कॉलेजनिहाय दिसते. अभिमत विद्यापीठं त्या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, आणि एमसीसीच्या प्रक्रियेत तिथे जातीनिहाय आरक्षणही नसतं. ज्या घरात मुलगी आहे, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गट आहे आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्या घरासाठी २०२४-२५ पासून फरक आणखी मोठा झाला. कॅपमधून मिळालेल्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. अभिमतमध्ये किंवा संस्थेच्या कोट्यात गेलात की ही माफी नाही. नेरुळ स्टेशनला उतरून दोन कॉलेजांकडे जाणाऱ्या दोन मुलींच्या पाच वर्षांच्या खर्चात यामुळे लाखोंचा फरक पडू शकतो.

गुणपत्रिकेचं पोस्टमॉर्टेम

ओएमआरची, म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची, प्रत आणि अंतिम उत्तरसूची दोन्ही जपून ठेवा. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी शांतपणे बसा आणि १८० प्रश्नांचा हिशोब मांडा. बरोबरला ४, चुकलेल्याला वजा १, सोडलेल्याला शून्य.

समजा एका मुलीचं चित्र असं आहे. जीवशास्त्रात ९० पैकी ६२ बरोबर, २२ चूक, ६ सोडले: २२६ गुण. रसायनशास्त्रात ४५ पैकी २० बरोबर, १७ चूक, ८ सोडले: ६३. भौतिकशास्त्रात १४ बरोबर, २३ चूक, ८ सोडले: ३३. बेरीज ३२२. घरात सगळे म्हणतात, ‘फिजिक्सनं घात केला.’ खरं आहे, पण अर्धवट. आता जीवशास्त्रातले ते २२ चुकलेले प्रश्न एकेक करून बघा. प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा: धडा वाचलाच नव्हता (न), वाचला होता पण विसरले (वि), येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही (घ, घाईचा). एक चूक बरोबर होते तेव्हा चार नव्हे, पाच गुण वाढतात, कारण वजा एकही वाचतो. ‘वि’ आणि ‘घ’ मिळून १४ निघाले तर ७० गुण एकट्या जीवशास्त्रात पडून आहेत. तेही एकही नवा धडा न शिकता.

हाच हिशोब भौतिकशास्त्राचा केला आणि २३ पैकी १८ समोर ‘न’ आला, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे अकरावीचा पायाच कच्चा आहे. तो भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळाला तर गुणही बरेच वाढतात. माझ्या अनुभवात ज्यांच्या वहीत ‘न’ जास्त, त्यांना ड्रॉपचा फायदा होतो. ज्यांच्या वहीत ‘घ’ जास्त, त्यांना पुन्हा तीच पुस्तकं वर्षभर वाचायला दिली तर ती कंटाळतात आणि घाई तशीच राहते. त्यांना टेस्ट सिरीज लागते, क्लास नाही. आणि जिथे सगळं नीट वाचलेलं, दोन-तीन उजळण्या झालेल्या, तरी गुण तेवढेच, तिथे आईवडिलांनी थोडा वेळ गप्प बसून विचार करावा.

बारावीचे गुणही याच बैठकीत बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात. काठावर असाल तर बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेचा फॉर्म कधी निघतो ते कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारून ठेवा.

कागद: सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत स्वस्त काम

तिसऱ्या प्रकारातल्या मुलांसाठी ही पायरी पहिली. बाकीच्यांसाठीही ती डिसेंबरच्या आत संपलेली बरी.

आधी हद्दीचा घोळ समजून घ्या. ‘नवी मुंबई’ हा पत्ता दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. डोमिसाइल, उत्पन्न दाखला, नॉन-क्रीमी लेयर यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून करता येतात, पण ते जातात तुमच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे. खारघरचा माणूस ठाण्यात कोर्ट नाक्याला कितीही चकरा मारो, काम पनवेललाच होणार.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी वेगळं. तो आत्ताच्या घराच्या पत्त्यावर मिळत नाही. ठरावीक तारखेला आजोबा-पणजोबा जिथे राहत होते, त्या गावाच्या अधिकाऱ्याकडून तो घ्यायचा असतो. ओबीसींसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. घर कळव्यात, गाव पाटण तालुक्यात, म्हणजे दाखला साताऱ्याकडचा आणि पडताळणी समितीही तिकडचीच. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकातली जन्मनोंद असे पुरावे गावाहूनच आणावे लागतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणार असाल तेव्हाच शाळेत आणि तलाठ्याकडे एक फेरी मारून या. वैधतेचं काम हातात काही महिने ठेवून सुरू करावं लागतं. निकालानंतर सुरू केलेला अर्ज पहिल्या फेरीला पोचत नाही.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षात चालू असलं पाहिजे. दाखल्यावर ३१ मार्चची तारीख असते, तिच्यातलं साल वाचा. केंद्राच्या, म्हणजे एमसीसीकडून भरल्या जाणाऱ्या सरकारी जागांच्या प्रवेशाला ओबीसी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे. राज्याचा कागद तिथे चालत नाही. एसईबीसी आरक्षणही राज्यापुरतंच आहे. मराठा समाजातला उमेदवार एमसीसीकडे खुल्या गटात जातो, किंवा निकषांत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र जोडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि नीटचा अर्ज या तिन्हींवर नावाची स्पेलिंग जुळते का, ते आत्ताच बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, यावरून खिडकीवर अर्धा दिवस जातो.

वर्ष रिकामं ठेवायचं का?

कॅपच्या फेऱ्या लांबतात आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी लागतात. त्यामुळे पुढच्या वर्षी तरी जूनमध्ये नीटच्या निकालाकडे डोळे लावून बसताना बीएस्सीची नोंदणी करून ठेवा. ठाण्यात बांदोडकर, ज्ञानसाधना, वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील, नव्या पनवेलला चांगू काना ठाकूर अशी विज्ञानाची कॉलेजं आहेत. बीएस्सी करताना नीट देता येते, कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती हजेरी. प्रॅक्टिकल्स आणि सेमिस्टर सांभाळून पूर्ण ताकदीनं नीट करणं सगळ्यांना जमत नाही. हे प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजातल्या एखाद्या सीनियरला विचारा. प्राचार्यांना विचारलं तर उत्तर छापील मिळेल.

बीएएमएस किंवा फिजिओथेरपीची जागा ‘तात्पुरती’ घेऊन आत बसून रिपीट करण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याला माझा विरोध आहे. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात. ठरावीक तारखेनंतर जागा सोडली तर उरलेल्या फीची किंवा दंडाची मागणी होऊ शकते. आणि त्या जागेवर खरोखर शिकणारा कुणीतरी बाहेर राहतो. ती जागा घ्यायची तर तिथेच राहायच्या तयारीनं घ्या. तरीही घेणारच असाल तर सगळ्या मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती आणि डिजिलॉकर तयार ठेवा. प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

दात हवेत की नुसतं ‘डॉक्टर’?

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. पण त्याआधी एक काम करा, जे सांगितल्यावर विद्यार्थी हसतात: जवळच्या डेंटल क्लिनिकमध्ये बसायला जा. नौपाड्यात, घंटाळीत, पाचपाखाडीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. नेरुळ-सीवूड्सला तर एकेका इमारतीत दोन-दोन. तुमचे नेहमीचे दाताचे डॉक्टर असतील तर त्यांना सरळ विचारा, ‘सर, मला चार-सहा संध्याकाळी बसून बघता येईल का?’ पेशंटची परवानगी घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं, हात कशालाही लावायचा नाही, फोटो काढायचा नाही.

तिथे काय बघायचं? रूट कॅनाल नंतर. आधी दातांचं माप घेताना बघा. असिस्टंट रबरी वाटीत अल्जिनेटची पावडर आणि पाणी घेते आणि वाटीच्या कडेला पात्यानं झपाझप घोटते. लगदा गुळगुळीत झाला की ट्रेमध्ये भरून डॉक्टरांच्या हातात. घट्ट व्हायला जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात समोरच्या आजोबांना उमासा येतो, ते हात वर करतात, आणि डॉक्टर एका हातानं ट्रे स्थिर धरून दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा दाबत ‘नाकानं श्वास घ्या, काका, झालंच’ म्हणत उभे असतात. मग त्या साच्यात प्लास्टर ओतलं जातं. मानेची, पाठीची वाट लावणारं, बोटांच्या नखाएवढ्या जागेत चालणारं, पुन्हा पुन्हा तेच ते करायला लावणारं हे काम आहे. बीडीएसच्या पहिल्या वर्षातच मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसवतात. घरी साबणाच्या वडीतून एक दाढ कोरून बघा. दाढेचे उंचवटे जुळवताना वैताग आला की मजा आली, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

डॉक्टरांना पैशाचंही विचारा, संकोच नको. बीडीएस झाल्यावर पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काय मिळतं, स्वतःची खुर्ची टाकायला ठाण्यात गाळ्याचं भाडं धरून काय लागतं, एमडीएस, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, न करता कितपत चालतं. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप झाल्यावरची गोष्ट आहे ही, आणि ब्रोशरमध्ये ती नसते.

इतकं बघून आल्यावरही हेच करायचं असं वाटत असेल तर ड्रॉपला अर्थ आहे. एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस आणि बीडीएस हुकलं म्हणून ड्रॉप, असं घसरत आलेलं असेल तर थांबा.

रिपीट करायचं ठरलं तर

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. म्हणूनच मर्यादा घरात घालून घ्या. एक वर्ष. दुसऱ्याचा विचार फक्त गुण ठळक वाढले तर.

लातूर की ठाणे, यावर घराघरात वाद होतो. लातूरला शिस्त आहे, आजूबाजूला सगळे तेच करणारे आहेत, मोबाइल आणि मित्रमंडळी मागे राहतात. पण हॉस्टेल, मेस आणि क्लास धरून खर्च मोठा, आणि घरच्या माणसांशिवाय खचणारी मुलंही असतात. ठाण्यात राहून करायचं तर प्रवासाचा विचार आधी करा. डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरनं वाशी असा रोजचा क्लास म्हणजे दिवसाचे तीन तास गर्दीत. घराजवळचा साधा क्लास आणि चांगली टेस्ट सिरीज यांनी तेवढंच काम होतं. घरात जागा नसेल तर पालिकेची किंवा खासगी अभ्यासिका बघा, पण महिन्याचे पैसे भरण्याआधी संध्याकाळी सातला एकदा आत जाऊन बसा. खुर्च्यांपेक्षा तिथली कुजबुज महत्त्वाची.

क्लासला पूर्ण वर्षाची फी एकदम देऊ नका. हप्ते मागा, आणि मध्येच सोडला तर किती परत मिळेल ते लेखी घ्या. ‘रिपीटर बॅच’मध्ये अकरावीचा भाग किती आठवड्यांत उरकतात ते विचारा. ज्यांच्या वहीत ‘न’ जास्त आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न फीपेक्षा मोठा आहे. राज्य मंडळाच्या मुलांनी जीवशास्त्र एनसीईआरटीमधूनच करावं, ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट.

वर्षभरात मुलं कोमेजतात. मित्र कॉलेजचे फोटो टाकत असतात, हा खोलीत. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं तुटलं, तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

फोन येतील, तयार राहा

निकाल लागला की तुमचा नंबर कुणाकुणाकडे कसा पोचतो देव जाणे. ‘मॅनेजमेंट कोट्यात एकच सीट उरली आहे, आज टोकन द्या.’ समोरचा माणूस गोड मराठी बोलतो आणि ऑफिस स्टेशनजवळच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये असतं. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘कुठल्या फेरीतून, कुठल्या पोर्टलवर?’ संस्थेच्या कोट्यातली जागाही नीटच्या पात्रतेनं आणि ठरलेल्या प्रक्रियेनंच भरली जाते. ठरलेल्या फीवर वरचे पैसे मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. रोख, टोकन, पावती नंतर, यांतला एकही शब्द आला की फोन ठेवा.

परदेशात बीडीएस करून देतो म्हणणारेही भेटतील. परत आल्यावर इथे नोंदणीसाठी चाळणी परीक्षा द्यावी लागते, हे ते शेवटच्या पानावर लिहितात.

कर्ज काढणार असाल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर घराचे कागद मागतात. अभिमतची पाच वर्षांची फी धरली तर घर गहाण टाकायचा प्रश्न येतो. त्या बैठकीला मुलालाही बसवा.

दुसऱ्या वाटा, थोडक्यात

बीएएमएस, बीएचएमएस हे साडेपाच वर्षांचे आणि त्यांनाही नीटची पात्रता लागते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेशही राज्यात नीटवरच होतात. कामोठे आणि नेरुळ परिसरात ती कॉलेजं आहेत. प्राण्यांची आवड असेल तर पशुवैद्यकीय अभ्यासक्रम बघा, त्याचं मुंबईचं कॉलेज परळला आहे. त्याचा अर्ज नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो आणि मुलं नेमका तोच विसरतात. बी. फार्म.साठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट, बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी.

दातांच्याच क्षेत्रात राहायचं असेल तर डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, दंतवैद्यक कायद्यात मान्य असलेले. मेकॅनिक म्हणजे लॅबमध्ये क्राऊन, कवळ्या बनवणारा. ज्याचा हात चांगला आहे आणि ज्याला पेशंटशी बोलायचं नाही, त्याला हे काम आवडतं. हायजिनिस्टला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करता येतं, स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला अधिकृत मान्यता आहे का ते बघा. नाक्यावरचे सहा महिन्यांचे ‘डेंटल असिस्टंट’ कोर्स याच्यात धरू नका.

नीटचा अर्ज पुन्हा भरायचा असेल तर हिवाळ्यात ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर लक्ष ठेवा. प्रवर्गाच्या रकान्यात केंद्राच्या यादीनुसार जे लागू असेल तेच टाका, राज्याचा प्रवर्ग सीईटी सेलच्या अर्जात वेगळा भरायचा असतो. नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरच्यांचे द्या, सायबर कॅफेवाल्याचे नाही, कारण पुढच्या प्रत्येक फेरीचा ओटीपी त्यावरच येतो. अर्जाला लावलेल्या फोटोच्या आठ-दहा प्रती त्याच दिवशी काढून फाइलमध्ये ठेवा.